स्त्री अभ्यासाच्या एम.ए.ची तपासणी नक्की कशावरून करायची?

रानजाई

आमच्या विद्यापीठात नॅकची, म्हणजे संस्थेच्या दर्जाच्या तपासणीची, तयारी जोरात आहे. स्त्री अभ्यास विभागाकडून जी माहिती मागवली तिचे रकाने असे: नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा किती जणी पास झाल्या, नोकरी किती जणींना लागली, लिंगभाव संवेदनशीलतेचे कार्यक्रम किती घेतले. तिसरा रकाना चटकन भरतो, कारण ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती आणि ८ मार्चचा महिला दिन आला की अख्ख्या विद्यापीठाला आमचीच आठवण होते. पण वर्गात काय शिकवलं जातं आणि मुली काय शिकतात, हे या कागदावरून कुणालाही कळणार नाही. नॅक तपासते अख्खी संस्था. दोन-तीन शिक्षकांचा विभाग त्यात कुठे दिसणार?

माझं मत स्पष्ट आहे. एम.ए. तपासायचं असेल तर लघुप्रबंध वाचा. गेल्या वर्षी बीडकडची एक मुलगी होती, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. टोळीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरीचा एकच हिशेब, धरला जातो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते आणि हिशेबही त्याच्याशीच होतो. बाईची मजुरी वेगळी अशी कुठे लिहिलेलीच नसते. पोरीनं आईच्या टोळीतल्या बायकांना गाठून खाड्याचा दंड, पाळीचे दिवस, फडातलं बाळंतपण, सगळं टिपून आणलं. आणि लघुप्रबंधात काय झालं? पहिली तीन प्रकरणं इंग्रजी पुस्तकांतल्या उताऱ्यांच्या अडखळत्या भाषांतरानं भरली आणि हे सगळं शेवटच्या बारा पानांत कोंबलं. सिद्धांताशिवाय मार्क मिळणार नाहीत अशी तिची खात्री होती, आणि ती खात्री आम्हीच करून दिलेली. माझ्या लेखी ती बारा पानं म्हणजेच तिचं एम.ए.

म्हणून मागणी तीनच. पहिल्या सत्रात इंग्रजी लेख कसा वाचायचा याचा रोजचा तास. लघुप्रबंध बाहेरच्या माणसाकडून वाचून घेणं. आणि पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या मुलींना फोन करून विचारणं, की काय कामाला आलं आणि काय नाही.

हिशेबी

ताई, तुम्ही उदाहरण दिलंत ऊसतोड कामगाराच्या मुलीचं, आणि नोकरीचा रकाना नको म्हणताय! शहरात दोन वर्षं कॉट बेसिस, मेस, परीक्षा शुल्क, हे पैसे त्याच उचलीतून आले असणार. तिला नोकरी लागली का, हा पहिला प्रश्न असायला हवा. बालविकास, समुपदेशन, बचत गटांच्या कामाच्या जाहिराती काढून बघा. बहुतेक ठिकाणी पात्रता एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी. स्त्री अभ्यासाचं नावही नसतं. ते नाव तिथे घालून घ्यायला विभागानं मंत्रालयात किती खेटे घातले, हा रकाना मात्र मला हवा.

रानजाई

रकाना नको असं मी म्हटलेलं नाही, एवढ्या एकाच रकान्यावर निकाल लावू नका म्हणतेय. पात्रतेचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. आमच्या विभागानं तो कधी लावून धरला नाही.

तासिकावाला

मी हाच विषय तासिका तत्त्वावर शिकवतो. विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) ऐंशीच्या दशकात स्त्री अभ्यास केंद्रांची योजना आणली आणि ही केंद्रं पंचवार्षिक योजनेच्या पैशावर चालली. २०१७ च्या मार्चमध्ये बारावी योजना संपली तेव्हा पुढे पगार होणार की नाही हे कित्येक केंद्रांत कुणालाच माहीत नव्हतं. रोज इंग्रजी वाचनाचा तास म्हणता, तो घेणार कोण? मला तासाचे पैसे मिळतात, तेही सत्र संपल्यावर. आधी मंजूर पदं किती आणि भरलेली किती ते तपासा, मग मुलींचे लघुप्रबंध.

जुनी वाट

मला मुळात वेगळं एम.ए.च पटत नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी हा विषय शिकायला हवा होता की नाही? वैद्यकीय, कायदा, अर्थशास्त्र, सगळीकडे सक्तीचा पेपर ठेवा. दहा-पंधरा मुली एका खोलीत बसून आधीच पटलेल्या गोष्टी एकमेकींना सांगतात, त्यानं बाहेर काय बदलतं?

रानजाई

आणि तो सक्तीचा पेपर शिकवणार कोण? शरीरशास्त्राचे प्राध्यापक? मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं. तेव्हा समाजशास्त्र, अर्थशास्त्र सगळं होतंच की, पण बाईची मजुरी त्यात मोजली जात नव्हती. १९८१ ची स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद तिथेच भरली, ती याच कारणासाठी. वेगळा विभाग उठला की तो सक्तीचा पेपर दोन वर्षांत 'मूल्यशिक्षण' होऊन बसेल. आणि 'आधीच पटलेल्या' म्हणता, तर आमच्या वर्गात जातीवरून होतात तशी भांडणं एकदा येऊन ऐका. सवर्ण बाईचा अनुभव म्हणजे सगळ्या बायकांचा अनुभव नव्हे, हे समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंनी पुण्यात आयुष्यभर शिकवलं. ते ऐकून घेणं सगळ्यांना सोपं जात नाही.

सोनचाफा

मी समुपदेशन केंद्रात काम करते, आमच्याकडे या एम.ए.च्या मुली येतात. पितृसत्तेवर तासभर बोलतील. पण समोर मार खाऊन आलेली बाई बसली की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचा घटना अहवाल भरता येत नाही. तारखा विचारायच्या राहतात, स्त्रीधनाची यादी राहते, जुने दवाखान्याचे कागद मागायचे राहतात. पुढे कोर्टात बाईचंच नुकसान होतं. तीच गोष्ट कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी, तिच्यावर बाहेरची जाणकार सदस्य हवी. या मुलींसाठी ही केवढी जागा आहे, पण चौकशी कशी चालवायची हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

हिशेबी

हेच म्हणतोय मी. सिद्धांत कमी करा, हे घाला.

सोनचाफा

नाही, सिद्धांत कमी करा असं मी म्हणत नाही. "नवऱ्यानं मारलं पण चूक माझीच होती" हे बाई म्हणते तेव्हा मान न डोलावता ऐकणारी मुलगी मला याच विभागातून मिळते, बाकी कुठून मिळत नाही. रानजाई, अहवाल भरायचा तास मी येऊन घेते, नावं काढून टाकलेले जुने अहवाल आणते, मानधन नको. फक्त त्याला परीक्षेत वीस गुण ठेवून घ्या. गुण नसतील तर पोरी बसणार नाहीत, आणि अभ्यास मंडळात तुमचे सरच त्याला 'कारकुनी' म्हणून विरोध करतील.