स्कॉटलंडमधला हरीणपालक शेतकरी नाही का?

धागाकर्ता :
पर्थशायरमध्ये आमच्या घरामागेच एक हरीणपालन केंद्र आहे. जूनमध्ये माद्या विऊ लागल्या की मालक त्या कुरणात सहसा पाय ठेवत नाही, कारण पाडसे उंच गवतात दडलेली असतात आणि माणसाची चाहूल लागली की आई बिथरते. कळप हलवायचा तर डोक्याहून उंच फळ्यांच्या, अंधाऱ्या बोळातूनच हलवावा लागतो. उजेडाची फट दिसली की हरीण तिकडे झेप घेते. हे कष्ट शेतीचे नाहीत असे कोण म्हणेल?

तरीही 2005 मध्ये युरोपीय अनुदान जनावरांच्या संख्येपासून वेगळे झाले तेव्हा स्कॉटलंडने प्रत्येकाचा हक्क 2000 ते 2002 या वर्षांत मिळालेल्या अनुदानावरून ठरवला. हरणांना तोवर डोईमागे काही मिळतच नव्हते, त्यामुळे निव्वळ हरणे पाळणाऱ्याच्या हाती काहीच आले नाही आणि बांधाला बांध लागून असलेला मेंढपाळ मात्र जुन्या हिशेबावर पुढची दहा वर्षे रक्कम घेत राहिला. 2015 पासून क्षेत्रावर आधारित अनुदान आले आणि ही दारे उघडली, पण अर्धीच : मांसाच्या गाईंची वासरे आणि डोंगराळ भागातल्या मेंढ्या यांच्यासाठी डोईमागे वेगळी योजना चालू आहे, हरणांसाठी नाही. माझ्या मते हा भेद उठवला पाहिजे.

प्रतिसाद 1 :
सहमत नाही. ज्या देशात रानातल्या हरणांनी कोवळी झाडे वाढू देणे मुश्कील केले आहे, जिथे सरकारने 2023 मध्ये नरांच्या शिकारीचा बंदी-हंगामच काढून टाकला, तिथे हरणे वाढवण्यासाठी करदात्याने पैसे का मोजावेत? शिवाय शिकारीसाठी राखलेल्या मोठ्या जहागिऱ्यांचा धोका आहेच. शेती न करता अनुदान उचलणाऱ्यांना तिथे ‘स्लिपर फार्मर’ म्हणत, आणि त्यांना आवरण्यासाठीच 2015 मध्ये चराऊ डोंगरांवर किमान जनावरांची अट घालावी लागली.

धागाकर्ता :
रानातले हरीण कायद्याने मारले जाईपर्यंत कोणाच्याच मालकीचे नसते. कुंपणातले हरीण मालकाचे असते, त्याच्या कानाला बिल्ला असतो आणि ते शेजाऱ्याचे एकही रोप खात नाही. पहिल्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. जहागीरदारांबद्दलची भीती मात्र रास्त आहे. म्हणूनच अनुदान कुंपणबंद, नोंदलेल्या कळपापुरतेच असावे. ब्रिटनमध्ये न्यूझीलंडहून हरणाचे मांस येते, म्हणजे इथे त्याला गिऱ्हाईक आहे, हेही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद 2 :
मी न्यूझीलंडमध्ये राहतो. इथे हरीणपालन 1969 मध्ये कायदेशीर झाले, 1984 पासून सरकारने शेतीची अनुदाने काढून घेतली आणि तरीही हा धंदा जगात सर्वांत मोठा समजला जातो. तेव्हा हरणाला द्या म्हणण्याऐवजी मेंढीचेही बंद करा असे का म्हणत नाही?

धागाकर्ता :
तुमच्याकडे कोवळी, मखमली शिंगे कापून कोरिया आणि चीनला विकता येतात. ब्रिटनमध्ये जिवंत हरणाची तशी शिंगे कापण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणजे इथल्या पालकाकडे उत्पन्नाचा तो मार्गच नाही. सर्वांचेच बंद होणार असेल तर माझी हरकत नाही, परंतु एकाच डोंगरावर एकाला द्यायचे आणि दुसऱ्याला नाही, हे मला मान्य नाही.

प्रतिसाद 1 :
डोईमागे रक्कम दिली की डोकी वाढवली जातात, हे मेंढ्यांच्या बाबतीत घडून गेले आहे. त्यापेक्षा उंच कुंपणासाठी आणि जवळच्या कत्तलखान्यासाठी एकदाच भांडवली मदत द्यावी. कत्तलखान्यालगतच रानातल्या हरणांचे मांस साफ करून गारठवण्याची सोय केली, तर तेही वाया न जाता विकले जाईल. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने आहे.