सनडान्स चित्रपट महोत्सवाने पार्क सिटी सोडलं ते बरं केलं की वाईट?

मध्यंतर:
यंदाचा, म्हणजे जानेवारी २०२६चा सनडान्स हा पार्क सिटीतला शेवटचा. २०२७पासून महोत्सव युटा राज्य सोडून कोलोरॅडोतल्या बोल्डरला जातोय. घोषणा झाल्यापासून जो तो गळा काढतोय, की स्वतंत्र अमेरिकन सिनेमाचं माहेर गेलं. मला विचाराल तर हे दहा वर्षं आधीच व्हायला हवं होतं.

पार्क सिटी म्हणजे आठेक हजार वस्तीचं गाव. एकेकाळी चांदीच्या खाणींचं, आता स्कीइंगचं. महोत्सव १९७८ला सुरू झाला तो सॉल्ट लेक सिटीत. १९८१ला तो डोंगरावर गेला आणि सप्टेंबरचा जानेवारीत सरकला. का, तर स्कीइंगच्या निमित्ताने हॉलिवूडची मंडळी येतील म्हणून! ज्याला आज सगळे ‘आत्मा’ म्हणतात तो मुळात पर्यटनाचा हिशोब होता. आता त्याच हंगामात स्कीवाल्यांशी खोल्यांसाठी मारामारी. कर्ज काढून पहिला सिनेमा केलेल्या पोराने चार जणांना घेऊन राहायचं कुठे? बोल्डर लाखभर वस्तीचं, विद्यापीठाचं शहर आहे, डेन्व्हर जवळ आहे. प्रेक्षक म्हणून विद्यार्थी तरी येतील.

पारवा:
साफ असहमत. तुम्ही तिथल्या रांगेत कधी उभे राहिलायत का? मी राहिलोय, पायाची बोटं बधिर होईपर्यंत.

त्या गावात धड थिएटरंच नाहीत, हीच तर गंमत. सर्वात मोठं एकल्स हे शाळेचं सभागृह आहे, बाराशेच्या वर खुर्च्यांचं. एक पडदा वाचनालयाच्या इमारतीत. खरंखुरं जुनं थिएटर म्हणजे मेन स्ट्रीटच्या चढावरचं १९२६चं इजिप्शियन. या सगळ्यांमधून गावाच्या फुकट बसेस फिरतात. शेजारी बुटांवरचा बर्फ झटकत बसलेला माणूस म्हणजे काल रात्री पडद्याखाली उभा राहून प्रश्नांना उत्तरं देणारा दिग्दर्शक, हे तिथे रोजचं. “तुम्ही काय पाहिलंत?” हा प्रश्न अनोळखी माणूस सहज विचारतो आणि दोन दिवसांत कोणता सिनेमा चाललाय ते गावभर होतं. १९८९ला सॉडरबर्ग नावाच्या सव्विशीतल्या पोराच्या पहिल्या सिनेमाला इथे प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला आणि त्याच मे महिन्यात त्याने कान महोत्सवात पाम द’ओर हे तिथलं सर्वोच्च पारितोषिक नेलं. मोठ्या शहरात अकरा दिवसांचा महोत्सव कुठल्या कुठे विरून जातो. चार गल्ल्या पलीकडच्यांना पत्ताही नसतो.

डेन्व्हरकर:
बोल्डर स्वस्त आहे हे कोणी सांगितलं? इथलं घरभाडं ऐकलंत तर परत पार्क सिटीला जाल. खरं कारण कोणी बोलत नाही म्हणून लिहितो: कोलोरॅडोने दहा वर्षांत मिळून ३ कोटी ४० लाख डॉलरपर्यंतची करसवलत देऊ केली. शेवटी पैसा बोलतो. तो आमच्या खिशातला आहे.

बाकी सनडान्सचा कर्ताधर्ता, नट-दिग्दर्शक रॉबर्ट रेडफर्डचं बोल्डरशी नातं जुनं. तरुणपणी तो इथल्याच विद्यापीठात होता आणि ‘द सिंक’ नावाच्या बारमध्ये झाडलोट करायचा. सप्टेंबर २०२५मध्ये तो वारला. महोत्सव इथे आलेला पाहायला तो हवा होता.

रिळवाला:
मध्यंतर आणि पारवा, दोघेही हवेत बोलताय. २०२१ला करोनामुळे पार्क सिटीत कोणी नव्हतंच, महोत्सव ऑनलाइन झाला. त्याच वर्षी तिथे दाखवलेला ‘कोडा’ हा सिनेमा अ‍ॅपलने अडीच कोटी डॉलरना घेतला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ना बर्फ, ना बस, ना बोटं बधिर.

पारवा:
@रिळवाला, ‘कोडा’त मार्ली मॅटलिन होती, ऑस्कर मिळवलेली नटी. ‘साबर बोंडं’चं काय? रोहन कानवडेचा पहिलाच सिनेमा. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा आणि त्याचा तिथला मित्र, दोघांमधलं प्रेम. त्यात तारा कोणी नाही. त्याला २०२५ला परदेशी कथापटांच्या स्पर्धेत ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. घरी सोफ्यावर बसून, फोन हातात धरून, कोण अमेरिकन त्याची लिंक उघडणार होता? हॉलमध्ये अडकलेला माणूसच असा संथ सिनेमा शेवटपर्यंत बघतो.

मध्यंतर:
ते मान्य, पण हॉल बोल्डरलाही आहेत. विद्यापीठाचं मॅकी सभागृह आहे, बोल्डर थिएटर आहे. सिनेमा जिंकला तो कानवडेच्या हिमतीवर, मेन स्ट्रीटच्या चढावर नव्हे. मुंबईहून टीम नेऊन आठवडाभर त्या गावात ठेवायचा खर्च एकदा मांडून बघा.

आणि स्लॅमडान्स विसरलात का? सनडान्सने नाकारलेल्यांनी १९९५ला त्याच गावात उभा केलेला महोत्सव. तो २०२५ला लॉस एंजेलिसला गेला, आभाळ काही कोसळलं नाही.

चिवडा:
इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ला गोव्यात गेला तो कायमचाच. आता कोणी पणजीत उभं राहून दिल्लीच्या नावाने रडतं का? वीस वर्षांनी बोल्डर सोडताना हाच धागा पुन्हा काढा.

पारवा:
इफ्फीला सरकार पोसतं, तो कुठेही नेला तरी चालेल. @मध्यंतर, स्लॅमडान्सची सगळी मजा सनडान्सच्या दारात उभं राहून त्याला वेडावण्यात होती. लॉस एंजेलिसमध्ये वेडावणार कोणाला? आणि गरीब दिग्दर्शकाची एवढी काळजी आहे तर पुढच्या वेळी स्वस्ताईचं उदाहरण लॉस एंजेलिसचं देऊ नका.