नायक हरणार नाहीच, मग धाकधूक कुणाची?

नायक पहिल्या भागापासून अजिंक्य असला की इसेकाईत, म्हणजे आपल्या जगातला माणूस दुसऱ्याच जगात जाऊन पडतो अशा जपानी कथांत, राम उरत नाही, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटलं. 'ओव्हरलॉर्ड' घ्या. त्याचा नायक आइन्झ, त्याच्या तोडीचं त्या जगात जवळपास कुणी नाही. पण सरडेमानवांच्या प्रकरणात आपण बराच वेळ त्याच्या सिंहासनापाशी नसतोच, दलदलीतल्या वस्तीत असतो. झार्यूसू हा सरडेमानव योद्धा एकमेकांत न पटणाऱ्या टोळ्या एकत्र आणतोय, मध्येच दुसऱ्या टोळीतल्या क्रुशच्या प्रेमात पडतोय, आणि समोरून येणारं सैन्य म्हणजे नाझारिकवाल्यांची, म्हणजे आइन्झच्या गडावरच्या मंडळींची, निव्वळ चाचणी आहे हे आपल्याला ठाऊक, त्यांना नाही. जीव टांगणीला लागतो तो त्यांच्यासाठी. खुद्द आइन्झची गोची वेगळीच. मूळचा साधा नोकरदार, पण हाताखालचे त्याला महाज्ञानी समजतात, आणि त्यांच्यातला हुशार डेमिअर्ज काही विचारू लागला की साहेबांची तंतरते! तिथे जादू कामाची नाही.

मला खटकते ती फुकटची भरपाई. 'स्लाइम' या दुसऱ्या इसेकाईमध्ये नायक रिमुरूची साथीदार शिऑन हिच्यासह गावातले लोक मारले जातात, रिमुरू हल्लेखोर फाल्मुथ राज्याचं सैन्य संपवतो, तिथवर अंगावर काटा येतो. मग मेलेले सगळे जिवंत! त्यानंतर कुणी पडलं की मी खुशाल चहा ठेवायला उठतो.

'री:झीरो' या इसेकाईत नायक सुबारूही मेला की काळात मागे जाऊन परत येतोच की. पण आठवणी फक्त त्याच्याकडे उरतात, आणि त्या कुणाला सांगायची सोय नाही. हवेलीत राम आणि रेम या जुळ्या मोलकरणींशी जमलेली गट्टी एका फटक्यात पुसली जाते, आणि त्या दोघी त्याला पुन्हा 'पाहुणे' म्हणू लागतात.