प्रॉडक्शनवर डीबग लॉग कायम चालू असावा का?

पहाटेची पाळी
मंडळी, गेल्या महिन्यात तीन रात्री जागून काढल्या, म्हणून हा विषय काढते आहे. आमची ऑर्डर नोंदवणारी सर्व्हिस प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या ग्राहकांसाठी, १२ सर्व्हरवर चालते. काही हजारांत एखादी ऑर्डर दोनदा नोंदली जायची. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या कामाची नोंद लिहीत जातो तिथे, एवढंच: 'रिट्राय (पुन्हा प्रयत्न) केला.' कोणत्या ऑर्डरचा, कितव्यांदा, आधीच्या कॉलचं काय झालं, काही नाही. डीबग लेव्हल, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिणारी पायरी, लावायची तर रीस्टार्ट करावं लागायचं, आणि रीस्टार्ट केलं की सगळी कनेक्शनं नवी होऊन दोष दोन दिवस दिसायचा नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार.

माझं मत स्पष्ट आहे. एका मशीनवरच्या प्रोग्रॅमला डीबगर (दोष शोधायचं साधन) लावून थांबवता येतं. बारापैकी एकाला थांबवलं तर बाकीच्यांचे टाइमआउट होतात (उत्तराची वाट बघायची मुदत संपते) आणि जे बघायचं तेच बदलून जातं. तिथे लॉग हाच साक्षीदार. त्याचं तोंड आपणच का बांधायचं? डीबग कायम चालू हवा.

डिस्कपाल
अजिबात सहमत नाही. एका जुन्या कामावर डीबग चुकून चालू राहिला आणि रात्रीत डिस्क भरली. त्याआधीच सर्व्हिस रांगत होती, कारण लॉग लिहिणारं रूटीन सिंक्रोनस (लिहून होईपर्यंत काम थांबवणारं), लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) एकच, आणि दोनशे थ्रेड (प्रोग्रॅममधली समांतर चालणारी कामं) त्या एका लॉकपाशी ताटकळलेले. कोणीतरी घाईत लॉगची फाइल डिलीट केली, तरी जागा मोकळी होईना. प्रोसेसने फाइल उघडी धरलेली असेपर्यंत ती होतच नाही. ग्राहकांचं काम त्या रात्री लॉगमुळे बंद पडलं. सिसलॉग या लॉगच्या प्रमाण पद्धतीत ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत आणि डीबग सगळ्यात खाली, ७ वर. तो डेव्हलपरच्या टेबलावरच राहावा.

जुना सी-वाला
रूटीन वाईट लिहिलं, त्याचा राग संदेशांवर का? लेव्हल आधी तपासायची, मजकूर नंतर बांधायचा. मग बंद असलेल्या संदेशाचा खर्च एका तुलनेएवढा. जावात अनेक जण अधिकचं चिन्ह लावून वाक्य जोडतात. संदेश छापला जाणार नसला तरी ते वाक्य प्रत्येक वेळी बांधलं जातं आणि टाकून दिलं जातं. एसएलएफफोरजे या जावाच्या लॉग-लायब्ररीमध्ये {} ही रिकामी जागा ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

आणि लेव्हल चालत्या प्रोसेसमध्ये बदलता आलीच पाहिजे. लिनक्स कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) डायनॅमिक डीबगमध्ये फाइल, फंक्शन, अगदी ओळीचा क्रमांक सांगून तेवढाच संदेश रीबूट न करता चालू करता येतो. पहाटेची पाळी, तुमच्याकडे रीस्टार्ट करावं लागतं हीच मूळ चूक आहे.

पहाटेची पाळी
अर्धं मान्य. पण घटना घडून गेल्यावर लेव्हल बदलून काय मिळणार? पुन्हा पुढच्या वेळेची वाट बघायची.

गुपितराखा
सगळं लिहा म्हणणाऱ्यांनी मे २०१८ मधलं ट्विटरचं प्रकरण आठवावं. पासवर्ड हॅश होण्याआधीच, म्हणजे उलट न वाचता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच, एका अंतर्गत लॉगमध्ये जसाच्या तसा लिहिला जात होता. ३३ कोटींहून अधिक लोकांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला द्यावा लागला. डीबगच्या ओळीत रिक्वेस्ट आख्खी ओतायची सवय असली की पॅन, आधार, ओटीपी सगळं त्यात जातं, आणि लॉग बघायची परवानगी डेटाबेसपेक्षा कितीतरी जास्त लोकांना असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लॉग-लायब्ररीत सापडलेलं भगदाडही विसरू नका. लॉग करायच्या मजकुरातला जेएनडीआयचा (नावावरून गोष्ट शोधून आणणाऱ्या जावाच्या सोयीचा) पत्ता ते रूटीन उलगडायला जायचं आणि परक्या सर्व्हरवरचा कोड आपल्याकडे चालायचा. गांभीर्य १० पैकी १०.

घड्याळजी
किती लिहायचं यावर भांडताय, पण ओळी एकमेकींना जोडणार कशाने? दोन सर्व्हरच्या घड्याळांत ४० मिलिसेकंदांचा फरक असला, तरी उत्तर प्रश्नाच्या आधी आलेलं दिसू शकतं. वेळेचा शिक्का पुरत नाही, कोणतं कशाच्या आधी घडलं हे संदेशांच्या देवाणघेवाणीतून ठरवावं लागतं, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच मांडून ठेवलं आहे. रिक्वेस्ट दारात आली की तिला एक आयडी द्या, पुढच्या प्रत्येक कॉलबरोबर तो पाठवा, प्रत्येक ओळीत छापा. मग सगळ्यांचा डीबग नकोच. गूगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या माग काढणाऱ्या प्रणालीबद्दल लिहिलं, त्यात १०२४ पैकी एका रिक्वेस्टचा पूर्ण माग ठेवण्याची पद्धत होती.

पहाटेची पाळी
आयडीबद्दल शंभर टक्के. पण १०२४ मधली एक? काही हजारांत एकदा घडणारी माझी दुहेरी ऑर्डर नेमकी त्या एकीत यावी लागेल. कुठे वेळ जातो हे बघायला नमुना चालतो, दुर्मिळ दोष पकडायला नाही.

जुना सी-वाला
मग मधला रस्ता सांगतो. प्रत्येक थ्रेडला मेमरीत ठरावीक आकाराचा गोल बफर द्या. डीबग कायम चालू, पण लिहायचा तिथेच, जुन्यावर नवं. एरर आली तरच तो डिस्कवर ओतायचा. लॉक नाही, डिस्क भरत नाही.

डिस्कपाल
आणि मेमरी संपली म्हणून कर्नेलने प्रोसेसच मारली तर? जेव्हा गरज, तेव्हाच बफर गेला.

जुना सी-वाला
बफर एममॅप केलेल्या (थेट मेमरीशी जोडलेल्या) फाइलवर ठेवा. प्रोसेस मेली तरी लिहिलेलं कर्नेलकडे शिल्लक राहतं. मशीनचीच वीज गेली तर वाचणार नाही, हे कबूल.

गुपितराखा
पण त्या बफरमध्येही पासवर्ड नको. डिस्कवर ओतला की तो लॉगच.

डिस्कपाल
माझी मोठी शंका वेगळीच आहे. एरर एका सर्व्हरवर दिसते, कारण दुसऱ्यावर असतं. दुसऱ्याच्या बफरने तोवर चक्कर पूर्ण केलेली असेल.

पहाटेची पाळी
हो, आमचं नेमकं तसंच झालं होतं. पहिल्याला टाइमआउट मिळाला म्हणून त्याने रिट्राय केला, दुसऱ्याने पहिली ऑर्डर आधीच नोंदवली होती. दुसऱ्याच्या लेखी काही चुकलंच नव्हतं, त्यामुळे तो आपणहून बफर ओतणार नाही. पहिल्याने रिट्राय करतानाच आयडीबरोबर 'या रिक्वेस्टचा बफर ओत' अशी खूण पाठवली तर? टाइमआउट २ सेकंदांचा आहे, म्हणजे बफर निदान तेवढा वेळ टिकायला हवा. उद्या स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरांवर) पूर्ण लोड देऊन ४ एमबीचा बफर किती सेकंदांत फिरतो ते मोजते आणि आकडा इथेच टाकते.