मुखवट्याआधीची नोकरी : तुमची कॅटवुमन कोणती? (अनुभव धागा)

परवा थंडीत सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात उभे होतो. मागे दागिन्यांच्या दुकानांची शटरं पडलेली, त्यांच्याच ओट्यांवर कढया चढलेल्या. भाची म्हणाली, "मामी, कॅटवुमन इंदूरची असती तर तिचा धंदा बसला असता. चोरीची वेळ झाली की इथे सगळं गाव खायला येतं." नवरा म्हणाला, "बरंच आहे की, गराडू तरी गरम मिळाले असते." मी विचारलं, कुठली कॅटवुमन? तिथून जे सुरू झालं ते घरी कुलूप उघडेपर्यंत संपलं नाही. भाचीची झोई क्रॅविट्झ, यांची ॲन हॅथवे, माझी मिशेल फायफर.

ही बाई 1940ची. बॉब केन आणि बिल फिंगर यांनी 'बॅटमॅन' कॉमिकच्या पहिल्याच अंकात आणली, तेव्हा ती नुसती 'द कॅट' होती. मांजराचा पोशाख नव्हताच. म्हातारीच्या सोंगात बोटीवर हार लांबवणारी चोर. सिनेमांत ती कितीदा बदलली, पण एक गोष्ट मला परवा लख्ख दिसली. 1992, 2004, 2012, 2022, या चारही सिनेमांत ती पहिल्यांदा दिसते ती कामावर. सेक्रेटरी, डिझायनर, मोलकरीण, वेट्रेस. आणि बॅटमॅन? त्याचं सगळं वडिलोपार्जित.

तर सांगा, तुमची कोणती, आणि ती पाहिली तेव्हा तुम्ही स्वतः काय करत होतात? नुसतं "फायफर बेस्ट" लिहून पळू नका.

रामबाग, निवृत्त स्टेनो

मी नोकरीतून उठले त्याला आता बारा वर्षं झाली. 1992चा 'बॅटमॅन रिटर्न्स', फायफरचा, मुलाने कॅसेट आणली म्हणून बघितला, तोही स्वयंपाक करता करता, अर्धा. पण त्या बैठकीच्या प्रसंगाला मी गॅस बंद करून बाहेर आले. सगळे पुरुष टेबलाभोवती, सेलिना (हीच पुढे कॅटवुमन होते) कॉफी ओततेय, आणि धीर करून म्हणते की मला एक सुचवायचंय. म्हणजे सुचवायचं नाही, विचारायचंय. सगळे गप्प. मग तिचा साहेब म्हणतो की हिला अजून वागायला शिकवायचं राहिलंय, पण कॉफी झकास करते. आणि सगळे हसतात.

आमच्या हापिसात हे जसंच्या तसं झालं होतं. हापिसाचं नाव लिहीत नाही. एका निविदेच्या बेरजेत चूक होती, मीच टाइप केलेली म्हणून मला ठाऊक. मी बोलले. साहेब म्हणाले, "बाई, तेवढं चहाचं बघा." तीन महिन्यांनी तीच चूक ऑडिटवाल्यांनी काढली.

सेलिनाने पण तेच केलं ना? रात्री थांबून फाइल वाचली आणि तिला कळलं की साहेबाचं वीजकेंद्र वीज तयार करणार नाही, शहराची शोषून घेणार आहे. साहेबाने तिला खिडकीतून ढकललं. मला नाही ढकललं, बदली केली. देवासला. पडल्यावर मांजरं येऊन बोटं चावतात आणि ती उठते, हे मला कुणी समजावून सांगू नये. मला ते पटलेलं आहे.

सुदामानगर, शिवणकाम

ताई, मी त्या सिनेमातली गोष्ट विसरले होते, शिवण विसरले नाही. ती घरी येते, दूध पिते, फोनवरचे निरोप ऐकते, आणि मग डोकं फिरतं. बाहुल्या, भिंती, सगळ्याचा सत्यानाश. गुलाबी दिव्यांची अक्षरं असतात, त्यातली दोन फोडते आणि उरलेल्या अक्षरांचा अर्थच बदलतो. मग कपाटातून काळा चकचकीत कोट काढते आणि मशीनवर बसते.

इथे मी सरसावून बसले. असल्या कापडाला, आपल्याकडे रेक्झिन म्हणा, टाचणी लावायची नसते. एकदा सुई गेली की भोक कायमचं. ब्लाउज चुकला तर उसवून पुन्हा टीप मारता येते, रेक्झिनला ती सोय नाही. सोळा किंवा अठरा नंबरची सुई लागते, आणि मशीनचा पाय कापडाला चिकटतो म्हणून आम्ही खाली चिकटपट्टी लावतो. ती बाई रागाच्या भरात एका रात्रीत शिवते, तेव्हा ते टाके तसेच दिसणार. पांढरे, मोठे, वेडेवाकडे, सगळ्या अंगभर. नुसता तुकड्यांचा जोड. ज्याने हा पोशाख केला त्याला शिवणारी बाई कशी असते ते कळलं होतं.

आणि नीट बघा, सिनेमा पुढे जातो तसा पोशाख उसवत जातो. प्रत्येक मारामारीत थोडा. शेवटी तर टोपी फाटून केस बाहेर आलेत. नंतरच्या कॅटवुमनचे कपडे सुंदर आहेत, पण ते कुणीतरी घडी घालून दिल्यासारखे. ते तिने शिवले असतील असं मला एकदाही वाटलं नाही.

धागाकर्ती

काकू, मी हा सिनेमा सहा वेळा पाहिलाय आणि उसवणं माझ्या लक्षात आलं नव्हतं. फायफरचं आणखी एक : त्या चित्रीकरणात तिने जिवंत पक्षी खरोखर तोंडात धरला होता. आणि ही भूमिका आधी ॲनेट बेनिंगला मिळाली होती. ती गरोदर राहिली म्हणून फायफर आली.

विजयनगर, आईचं पार्लर

सगळे ज्याला शिव्या घालणार त्या 2004च्या हॅली बेरीबद्दल मी लिहितो. हा सिनेमा मी हिंदीत डब केलेला, टीव्हीवर, आईच्या पार्लरच्या बाहेरच्या खोलीत किमान दहा वेळा पाहिलाय. आत फेशियल चालू, बाहेर मी.

यात सेलिना नाहीच. पेशन्स फिलिप्स नावाची मुलगी सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत जाहिरातींची डिझाइनं करते. कंपनीची नवी क्रीम अशी की लावायची थांबवली की चेहरा बिघडतो. तिला हे कळतं आणि तिला संपवतात. भिया, ही गोष्ट आपल्या घरात घडते! आईकडे बायका यायच्या, कुठलीशी गोरं करणारी नळी मैत्रिणीने दिली म्हणून वापरलेली, थांबवल्यावर गाल लाल आणि सोललेले. आई डोक्याला हात लावायची आणि आधी डॉक्टरकडे जा म्हणायची. म्हणजे चारही सिनेमांत सगळ्यात खरा गुन्हा हिच्या वाट्याला आलाय आणि दिग्दर्शक पितोफला दाखवायचाय काय, तर बास्केटबॉल. कॅमेरा एका जागी दोन सेकंद थांबत नाही.

सुमारे दहा कोटी डॉलर घातले आणि तेवढेही परत आले नाहीत. सर्वांत वाईट अभिनेत्रीचा रॅझी मिळाला तेव्हा बेरी तो घ्यायला स्वतः मंचावर गेली, दुसऱ्या हातात स्वतःचं ऑस्कर घेऊन. ती चित्रफीत मी सिनेमापेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. माझ्या मते तिने कॅटवुमन खरी केली ती त्या रात्री, पोशाखाशिवाय.

लोकमान्यनगर, वय विचारू नये

तुम्ही पोरं 1992पासून सुरुवात करता. 1966च्या मालिकेतली जूली न्यूमार बघा. उंचीपुरी, आणि गुन्हा करताना इतकी मजेत की बॅटमॅनच बावळट दिसतो. तो पोशाख आता अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्याच वर्षीच्या सिनेमात ली मेरिवेदर होती, ठीक. तिसऱ्या सत्रात अर्था किट आली. तिचा आवाज! र लांबवते तेव्हा अंगावर मांजर चालल्यासारखं वाटतं. हिने 1968 साली व्हाइट हाउसच्या जेवणात राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला तोंडावर व्हिएतनाम युद्धाबद्दल सुनावलं, आणि मग बरीच वर्षं अमेरिकेत काम मिळेना. पंजे कुणाला होते ते समजून घ्या. नोकरीबिकरी मला ठाऊक नाही, तेव्हा या बाया पूर्णवेळ चोऱ्याच करत.

बडा सराफा, तिसरी पिढी

वहिनी, ज्या ओट्यापुढे तुम्ही कीस खाल्ला तो आमचाही असू शकेल. मी 'द डार्क नाइट राइजेस'चा. 2012 साली नुकताच पेढीवर बसायला लागलो होतो, आणि ॲन हॅथवे मोलकरणीच्या वेशात तिजोरी उघडते तेव्हा टाकीजमध्ये मी एकटाच घाबरलेलो असेन. तिजोरी फोडता येत नाही असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं, असा चेहरा करते. आमच्या दादांचा एक नियम होता, वरचं काम करणाऱ्याला "बाई" म्हणून दुर्लक्षित करायचं नाही, नाव विचारायचं. इमानदारीसाठी असेल, सावधगिरीसाठी असेल.

एक धंद्यातला आक्षेप. ती ब्रूसच्या, म्हणजे मुखवट्याविना बॅटमॅनच्या, आईचे मोती चोरते आणि तिथेच गळ्यात घालते. कुठलाही चोर असं करत नाही. पण मोत्याचं एक आहे, तो अंगावर राहिला तर बरा राहतो. पेटीत वर्षानुवर्षं कोरडा ठेवला तर तेज जातं. त्या घरात तो तिजोरीतच मेला असता. दिग्दर्शक नोलनला हे ठाऊक होतं का कोण जाणे. मला ती चोर वाटायच्या आधी गिऱ्हाईक वाटली, हे कबूल करतो.

राजेंद्रनगर

धागाकर्तीच्या सिद्धान्ताला हरकत. हॅथवेचं मोलकरीण असणं ही नोकरी नव्हे, चोरीची हत्यारं आहेत ती. तिला तर उलट नाव पुसायचंय. तो संगणकाचा प्रोग्रॅम, ज्याने सगळ्या नोंदींतून माणूस गायब होतो, त्यासाठी तिने ब्रूसच्या बोटांचे ठसे चोरून विकले. माझ्या एका कागदावर आडनाव चुकलंय, सात वर्षं फेऱ्या मारतोय, त्यामुळे तिचा मोह मला कळतो. आणि त्या सिनेमात तिला कुणी 'कॅटवुमन' म्हणतच नाही. चष्मा कपाळावर सरकवला की कान होतात, बस्स. तेवढंच पुरे होतं.

भाची (हो, तीच)

मामी, आता मी. कॉलेज आणि रात्री कॉल सेंटर, दोन्ही चालू असताना 2022चा 'द बॅटमॅन' पाहिला. तीन तासांना चार मिनिटं कमी, आणि मी जागी राहिले यातच आलं.

झोई क्रॅविट्झचा मुखवटा बघितलात? लोकरीची टोपी, डोळ्यांपुरती फाडलेली, वरची दोन टोकं कानांसारखी. हे आम्ही रोज करतो! स्कूटी काढायच्या आधी तोंडाला स्कार्फ गुंडाळायचा, फक्त डोळे उघडे. उन्हासाठी, धुळीसाठी, आणि पलासियाच्या सिग्नलवर बाजूच्या बाइकवाल्याने ओळखू नये म्हणून. मला तो पोशाख वाटलाच नाही, मला तो साडेसहाचा रस्ता वाटला.

ती क्लबात ट्रे घेऊन फिरते आणि गिऱ्हाइकांना ती दिसतच नाही. तिचा बापच, गुंडांचा म्होरक्या फाल्कोनी, तिला ओळखत नाही, आणि ती त्याच्याच लोकांना दारू वाढते. मैत्रीण ॲनिका नाहीशी झालीय म्हणून ती हे सगळं करते, हिऱ्यांसाठी नाही. बॅटमॅन तिच्या डोळ्यात कॅमेऱ्याची लेन्स घालून तिला आत पाठवतो, आणि कानात बसून सूचना देतो की तिकडे बघ, याच्याशी बोल. माझ्याही कानात रोज रात्री सुपरवायझर असतो. "हसून बोल." ती चिडून लेन्स काढते ना, तेव्हा मी शिटी वाजवली.

मामी, फायफर छान आहे, पण तिला पोशाख घालायला आधी मरावं लागलं. झोईला फक्त शिफ्ट संपवावी लागते.

धागाकर्ती

या मुलीला मी लहानपणी भरवलंय, याची नोंद घ्यावी. लेन्सचा मुद्दा मान्य. पण फायफर शेवटी बॅटमॅनचं घर नाकारते. आपण दोघं घरी जाऊ असं तो सांगत असतो, आणि ती म्हणते की मला स्वतःबरोबर राहणं जमणार नाही. ते वाक्य झोईला कुणी लिहून दिलेलं नाही.

सुदामानगर, शिवणकाम

वाद चालू द्या. हे वाचून दोघींनी विचारलं म्हणून इथेच सांगते : शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी मुलीचा कॅटवुमनचा पोशाख शिवून मिळेल. रेक्झिन नको, पोर घामाने हैराण होईल, काळ्या लायक्रात करते आणि वरून पांढऱ्या दोऱ्याने टाके घालते. माप घ्यायला पोरीला घेऊन या, फोनवर सांगू नका. शेपूट हवं असेल तर आधी सांगा. फायफरला शेपूट नव्हतं, चाबूक होता, आणि चाबूक मी शिवत नाही.