स्वीडन-डेन्मार्कच्या राजांनी सरदारक्या वाटणं कधी बंद केलं? कोणाला माहिती आहे का

राजापूरचा मास्तर:
नमस्कार मंडळी. मुलगी नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असते, मे महिन्यात आम्ही दोघं दीड महिना तिच्याकडे होतो. तिथल्या जुन्या शहरात रिद्दारहुसेत म्हणून एक वाडा आहे, म्हणजे सरदारांचं घर, त्याच्या मोठ्या दालनात चारी भिंतींवर खालपासून पार आढ्यापर्यंत तांब्याच्या पत्र्यावर रंगवलेल्या ढाली लावल्यात, एका घराण्याची एक ढाल आणि प्रत्येकीवर नंबर, दोन हजारांच्या वर असतील. मी मान वर करून बघतच राहिलो. मुलगी म्हणाली बाबा आता नवीन ढाल लागत नाही, पण कधीपासून ते तिलाही नक्की सांगता आलं नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे की राजा तर तिथे अजून आहे, नॉर्वेत आहे, डेन्मार्कमध्ये आहे, मग सरदार करणं थांबलं कसं? राजांनीच थांबवलं का लोकांनी त्यांच्याकडून काढून घेतलं? आणि शेवटची ढाल कोणाची?

विचारायचं कारण घरचंच आहे. माझे पणजोबा खोत. खोती जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी आमच्या घराला गावात खोतांचं घरच म्हणतात, पोस्टमन सुद्धा. हातात काही नाही पण नाव आहे. त्या ढाली बघताना मला आमचा पडवीतला झोपाळा आठवत होता.

किनाऱ्यावरचा वाचक (रत्नागिरी):
मास्तर, छान विषय काढलात. स्वीडनचं मला बऱ्यापैकी माहिती आहे म्हणून लिहितो, लांबेल थोडं.

शेवटचा माणूस स्वेन हेदिन. तिबेट आणि मध्य आशियाचे नकाशे करणारा प्रवासी, तोच. तकलामकानचं वाळवंट, लोप नोर हे सगळं फिरून लडाखमार्गे हिंदुस्थानात उतरलान, कलकत्त्याला लॉर्ड कर्झनला भेटलान आणि १९०२ साली मायदेशी परत गेला तेव्हा राजा ऑस्कर दुसरा याने त्याला सरदार केलंन. त्यानंतर स्वीडनमध्ये कोणालाच नाही.

आता खरी गोष्ट पुढे आहे. कायद्याने राजाचा हक्क १९०२ ला संपला नव्हता! १८०९ च्या राज्यघटनेत तो हक्क होता आणि नवी राज्यघटना १ जानेवारी १९७५ ला लागू झाली तेव्हाच तो गेला. म्हणजे मधली सत्तर-बहात्तर वर्षं हक्क कागदावर शाबूत आणि वापर शून्य. पाचवा गुस्ताव १९०७ ते १९५० गादीवर होता, इतकी वर्षं, त्याने एकही सरदार केला नाही, सहाव्या गुस्तावनेही नाही, आणि आत्ताचे राजे १९७३ ला आले त्यांच्याकडेही तो हक्क वर्षभर होता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर दोन्ही खरं, आधी राजांनी हात आखडला, मग घटनेने दार लावलं.

हात का आखडला ते मला वाटतं १८६६ मध्ये शोधावं. त्याआधी त्यांच्या संसदेत चार वर्गांची चार सभागृहं होती, सरदार, पाद्री, शहरी व्यापारी आणि शेतकरी. लुई दे येर नावाच्या न्यायमंत्र्याने ती मोडून दोन सभागृहांची संसद आणली, हा माणूस स्वतः बॅरन, म्हणजे सरदारच! सरदारांच्या सभेत डिसेंबर १८६५ ला मतदान झालं, ३६१ विरुद्ध २९४. स्वतःची सत्ता स्वतःच्या मताने सोडली, हे मला फार मोठं वाटतं. मग सरदारकीत उरला तो मान. नुसत्या मानासाठी नवीन घराणी कशाला उभी करायची, पदक देऊन भागतं.

अजून एक बारकावा. १८०९ नंतर ज्याला सरदारकी मिळायची ती सगळ्या पोरांना लागू नव्हती, फक्त घराण्याच्या प्रमुखाला, त्याच्यामागे मोठ्या मुलाला. हेदिनने तर लग्नच केलं नाही, १९५२ ला वारला आणि घराणं तिथेच संपलं. शेवटची ढाल अशी एकाच माणसाची.

बोटीवरचा:
मी बारा वर्षं नॉर्वेच्या कंपनीच्या बोटींवर आहे, गाव दाभोळ. नॉर्वेचं सांगतो कारण तिथे हे प्रकरण सगळ्यात आधी मिटलं.

१८१४ ला त्यांची राज्यघटना झाली त्यातच लिहून टाकलं की यापुढे नवीन काउंटी, बॅरनी, म्हणजे सरदारांच्या जहागिऱ्या, काही होणार नाही. मग जुन्यांचं काय? तर त्यांच्या संसदेने, स्टोर्टिंग म्हणतात, १८१५ ला सरदारकी रद्द करायचा ठराव केला. राजाने नाही म्हटलं. १८१८ ला परत केला, परत नाही. पण घटनेत नियम असा की तीन वेगवेगळ्या स्टोर्टिंगनी तोच ठराव केला की राजाची सही असो नसो कायदा होतो. १८२१ ला तिसऱ्यांदा झाला. राजा कार्ल योहान इतका चिडला होता की त्या उन्हाळ्यात ख्रिस्तियानियाजवळ, म्हणजे आजचं ऑस्लो, सैन्य आणून कवायत करत होता आणि तरी ते लोक हलले नाहीत, शेवटी ऑगस्टमध्ये त्याला सही द्यावीच लागली. आणि हा राजा स्वतः कोण तर फ्रान्सातल्या पो गावच्या वकिलाचा मुलगा, नेपोलियनच्या सेनापतींपैकी एक, मार्शल बेर्नादोत!

कायदा सुडाचा नव्हता पण. जे हयात होते त्यांनी पुरावे दाखवले तर किताब मरेपर्यंत त्यांचा, आणि आधी जन्मलेल्या पोरांचाही. पुढे जन्मणारा साधा नागरिक. मला ही पद्धत माणुसकीची वाटते. टोन्सबर्गच्या बाजूला यार्ल्सबर्गची इस्टेट आहे, वेडेल-यार्ल्सबर्ग घराण्याची, ती आजही त्यांच्याकडे आहे, काउंट मात्र कोणी नाही. त्या नावाचं चीज आम्ही मेसमध्ये रोज खातो.

अलिबागची:
डेन्मार्कबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. तिथे "शेवटचा" असा शिक्का मारता येत नाही, कारण तेव्हाची राणी मार्गरेट हिने अगदी आपल्या डोळ्यांदेखत किताब दिलेत, फक्त घरातल्या घरात. २००५ ला धाकट्या राजपुत्राचा घटस्फोट झाला तेव्हा सून अलेक्झांड्रा, मूळची हाँगकाँगची, हिला फ्रेडरिक्सबोर्गची काउंटेस केलं. २००८ ला दोन्ही मुलांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना मोंपेझाचे काउंट केलं, ते राणीच्या फ्रेंच नवऱ्याच्या घराण्याचं नाव. आणि मग २०२२ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की धाकट्याच्या चार मुलांचं राजपुत्रपद १ जानेवारी २०२३ पासून जाणार, उरणार फक्त मोंपेझा. म्हणजे आधी मानाचं दिलेलं नाव नंतर खालची पायरी ठरलं. मुलांना वाईट वाटलं, घरात बोलाचाली झाली, राणीने नंतर म्हटलंही की याचा एवढा त्रास होईल असं वाटलं नव्हतं, पण निर्णय बदलला नाही. स्वीडनच्या राजानेही २०१९ ला पाच नातवंडांचं हिज-हर रॉयल हायनेस काढलं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९१९ चा डॅनिश कायदा. १८४९ च्या घटनेने किताबाला जोडलेले हक्क गेले होते तरी मोठमोठ्या काउंटींच्या जमिनी एकसंध होत्या, विकायच्या नाहीत, वाटायच्या नाहीत, मोठ्या मुलाकडे जायच्या. १९१९ ला त्या मोकळ्या केल्या, त्याबदल्यात मालकांना मोठी रक्कम सरकारला भरावी लागली आणि जमिनीचा साधारण तिसरा भाग भरपाई घेऊन छोट्या शेतकऱ्यांसाठी सोडावा लागला. नाव ठेवा, जमीन वाटा. आमच्याकडे अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ ला खोतांची शेतं कसायचीच नाही म्हणून संप केला आणि कितीतरी वर्षं चालवला, भाजीपाला लाकूडफाटा विकून जगले पण मागे हटले नाहीत, त्याचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे. डेन्मार्कातल्या त्या छोट्या शेतकऱ्यांबद्दल वाचताना मला चरीच दिसत होतं.

कुडाळचो:
मास्तर, तुमचा खोतांचं घर वाचलंय आणि रवाक नाय म्हणान लिवतंय. रागान नाय हां.

माझो आजो तुमच्यासारख्याच एका खोताचो कूळ होतो. भात पिकला की अर्धेल खोताच्या खळ्यात, वर वेठीक जावचा. आता नीट मराठीत लिहितो. तुम्ही म्हणता हातात काही नाही पण नाव आहे. आमच्याकडे तेव्हा नावच नव्हतं, कागदावर जमीन कसणाऱ्याचं नाव लागायचंच नाही, १ एप्रिल १९५७ नंतर कूळ कायद्याने सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आलं तेव्हा त्याने तो उतारा देवाच्या फोटोमागे ठेवला, अजून आहे. त्यामुळे त्या दोन हजार ढाली बघून मला पहिला प्रश्न पडतो की प्रत्येक ढालीखाली किती कुळं होती, त्यांची नावं कुठल्या भिंतीवर आहेत? बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं ते याच नावासाठी.

किनाऱ्यावरचा वाचक (रत्नागिरी):
कुडाळकर भाऊ, बरोबर बोललात. एक मात्र आहे, त्या चार सभागृहांत शेतकऱ्यांचं एक सभागृह होतं, स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्यांचं. युरोपात हे फार कमी ठिकाणी होतं. भूमिहीनाला तिथेही जागा नव्हती.

फिनलंडचंही सांगून टाकतो, ते तेव्हा रशियाच्या झारकडे. तिथला शेवटचा किताब १९१२ ला, ऑगस्ट लांगहोफ नावाच्या जनरलला बॅरन केलं. पाच वर्षांत झारच गेला आणि १९१९ च्या घटनेने सरदारकी देणंच बंद केलं. आणि ब्रिटनमध्ये राजघराण्याबाहेरचा शेवटचा वंशपरंपरागत लॉर्ड १९८४ ला झाला, माजी पंतप्रधान मॅकमिलन, वयाच्या नव्वदीत. आपल्याकडे तर घटनेच्या कलम १८ नेच किताब बंद आहेत.

राजापूरचा मास्तर:
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. हेदिनची ढाल मी बघितली असणार पण तेव्हा माहिती नव्हतं, मुलीला सांगितलंय परत जाऊन फोटो काढ म्हणून.

कुडाळकर, तुमचं उत्तर वाचून रात्री झोप लागली नाही. आमच्या माळ्यावर एक सागाची पेटी आहे, पणजोबांच्या वह्या आहेत मोडीत लिहिलेल्या, कोणाकडून किती भात आलं त्याच्या. लहानपणी बघितल्यात, ओळीने नावं आहेत, माणसांची. मला मोडी वाचता येत नाही आणि आजवर कधी वाचून घ्यावी असं वाटलंही नाही, ही माझी चूक. गणपतीला मुलगा येतोय, त्याच्याकडून पेटी उतरवून घेतो. मोडी वाचणारं कोणी या ग्रुपवर असेल तर सांगा, आधी पानांचे फोटो टाकतो.

कुडाळचो:
माका येता मोडी, थोडी थोडी. टाका फोटो. आणि काका, पानां जपान उघडा, वाळवी लागलेली आसतली.