कूलरच्या मोटारीत फायबर बुश नको, पितळीच पाहिजे

वाइंडिंगवाला (यवतमाळ)
मार्च लागला की दुकानात कूलरच्या मोटारींची रांग. काल एक खोलली, दोनच उन्हाळे चाललेली. वाइंडिंग शाबूत, पण बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला (शाफ्टला) आधार देणारी नळी, बसतं तिथं शाफ्टवर खाच, नख फिरवलं की अडकते. बुश ‘फायबर’चं, म्हणजे काचतंतू घातलेल्या नायलॉनचं. नायलॉन झिजलं की आतले तंतू उघडे पडतात आणि पोलादाला कानशीसारखे खातात. त्यात नायलॉन पाणी पिऊन फुगतं, आणि ही मोटार फिरते ओल्या हवेत. पितळी बुश असतं तर बुश गेलं असतं, शाफ्ट वाचला असता.

खरादवाला (अकोला)
भाऊ, दोष काचेचा, प्लास्टिकचा नाही. टेफ्लॉन मिसळलेलं बुश शाफ्टवर पातळ थर चढवतं, मग त्या थरावरच घासत राहतं. नुसतं टेफ्लॉन भराभर झिजतं, म्हणून त्यात भर लागते. ती कार्बन तंतूंची असली तर शाफ्टला काचेपेक्षा कमी इजा होते. तुमच्या पितळी बुशाची सारी मदार त्यात मुरवलेल्या तेलावर. आमच्या गावात जिनिंगचा कापूस उडतो. तो तेलकट बुशाला चिकटतो, तेल शोषतो, आणि एप्रिलमध्ये मोटार किरकिरायला लागते.

वाइंडिंगवाला
आणि उष्णतेचं काय? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर. पितळ नायलॉनपेक्षा शंभरपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. प्लास्टिकच्या बुशातली उष्णता जाईल कुठं? बुश तापतं, मऊ पडतं, अजून झिजतं. कापूस चिकटतो हे खरं. मी दर मोसमाला पुसून दोन थेंब तेल सोडायला सांगतो.

शेतकरीण (वर्धा)
दोन थेंब कोण सोडतं हो? मोटार बंद पडल्यावरच आम्ही झाकण काढतो. आणि सरसकट प्लास्टिक वाईट म्हणू नका. आमच्या कूलरच्या स्विंगचं (हवा डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पट्ट्यांचं) गिअर नायलॉनचंच, सात वर्षं झाली, दात जसेच्या तसे.

खरादवाला
ताई, स्विंगचं गिअर मिनिटाला पाच-सहा फेरे घेतं, पंख्याचा शाफ्ट १४०० च्या आसपास. दाब आणि वेग यांचा गुणाकार बुशाला झेपला पाहिजे. वाइंडिंगवाले भाऊ, ते बुश जाळून पाहा. पांढरं उरलं तर काच, काळे धागे उरले तर कार्बन.

वाइंडिंगवाला
जाळलं. पांढरं जाळं उरलं, बोटाला टोचतंय. काचच. पण पाकिटावर नुसतं ‘फायबर बुश’ छापलंय. दुकानात उभ्या माणसानं कोणतं मागायचं? हे छापत नाहीत तोवर मी पितळीच बसवणार.